चहा, पुस्तक आणि सोवळे

ई-पुस्तक वाचणाऱ्या माणसाला आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला त्याचे उत्तर नको असते. "पण त्याला पुस्तकाचा वास कुठे येतो?" असे म्हणून समोरचा माणूस समाधानाने चहाचा घोट घेतो आणि विषय निकालात निघाला असे गृहीत धरतो. नव्या पुस्तकाचा वास शाईचा आणि बांधणीच्या गोंदाचा असतो, जुन्याचा वास कागदातले सेल्युलोज आणि लिग्निन वर्षानुवर्षे विघटित होत असल्यामुळे येतो, म्हणजे ज्याला आपण ग्रंथप्रेमाची खूण मानतो तो पुष्कळदा कागद जीर्ण होत चालल्याचा पुरावा असतो, हे सर्व मला सांगता येईल. पण मी ते सहसा सांगत नाही. माझे लक्ष त्याच्या हातातल्या कपाकडे असते. ज्या खात्रीने हा गृहस्थ पडद्यावरच्या पुस्तकाला उपरे ठरवतो आहे, त्याच खात्रीने त्याच्या पणजोबांनी त्या कपातल्या पेयाला उंबरठ्याबाहेर ठेवले असण्याची बरीच शक्यता आहे.

माझ्या दिवसातल्या लहान सुखांची यादी लांब नाही आणि कोणाला हेवा वाटावा अशीही नाही. घर जागे होण्यापूर्वीचा चहा, त्या चहाबरोबर वाचलेली काही पाने, कामावरून परतल्यावरचा दुसरा चहा, आणि रात्री दिवा मालवल्यावर पडद्याच्या मंद उजेडात पुढे सरकणारे तेच पुस्तक, एवढ्यावर माझे भागते. या सवयी इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्या घराण्यात पूर्वापार चालत आल्या असाव्यात असे मला कधीकधी वाटते. वास्तविक माझ्या पणजीच्या घरी, सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात, चहाची पूड औषधांच्या फडताळात असे आणि सर्दीपडसे झाले तरच बाहेर निघे. पणजीला वाचता येत नव्हते, त्यामुळे घरात पुस्तक होते ते एकच, आणि तीही लाल फडक्यात गुंडाळलेली पोथी. माझी दोन्ही सुखे अशी अलीकडची आहेत, आणि दोन्ही घरात शिरली ती दारावर बरीच अडवणूक झाल्यानंतर.

चहाच्या बाबतीत या अडवणुकीची नोंद पुण्याच्या इतिहासातच आहे. गुरुवार पेठेतले पंचहौद मिशनचे चर्च आजही उभे आहे. १८९० च्या ऑक्टोबरात तिथे एक व्याख्यान झाले आणि ते संपल्यावर जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे आली. मंडळींमध्ये न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. हा योग जुळवून आणणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे पती, हे मोठे खटपटी आणि थोडे खोडकर गृहस्थ होते. त्यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात वणवा पेटला. काहींनी चहा घेतला होता, काहींनी कप नुसता हातात धरला होता, परंतु छापील यादीत असा बारीक भेद करायला जागा नव्हती. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, बहिष्काराची भाषा झाली आणि अनेकांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. रानड्यांनी १८९२ मध्ये मित्रांखातर प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सनातन्यांचे समाधान किती झाले कोण जाणे, पण सुधारक मात्र त्यांच्यावर नाराज झाले. हे सगळे चहा ग्रामण्य या नावाने ओळखले जाते.

न्यायाने सांगायचे तर त्या वादात मूळ आक्षेप चहाच्या पानाला नव्हता. मिशनऱ्यांच्या हातचे खाल्ले-प्यायले, हा खरा गुन्हा होता. तरीही बाटण्याचे साधन म्हणून लोकांच्या लक्षात राहिला तो चहाच. मला या प्रसंगात सर्वांत ओळखीचे वाटतात ते कप हातात धरून बसलेले लोक. त्यांना यजमानाचे मन मोडायचे नव्हते आणि आपले सोवळेही मोडायचे नव्हते. वाढदिवसाला मुलांनी हौसेने दिलेला ई-पुस्तकांचा रीडर घेऊन, त्याचे वेष्टन काळजीपूर्वक काढून, त्याला सुरेख चामडी कव्हर घालून, तो कपाटात ठेवून देणारे कितीतरी वाचक माझ्या परिचयाचे आहेत, आणि ते थेट त्या सभेतून उठून आल्यासारखे वाटतात.

आज ज्याला आपण आपला चहा म्हणतो, तो आपल्यापर्यंत आपसूक आलेला नाही. आसामच्या जंगलात चहाची झाडे आहेत हे इंग्रजांना १८२३ च्या सुमारास कळले आणि १८३९ मध्ये आसामचा चहा लंडनच्या लिलावात विकला गेला, पण त्यानंतर कित्येक दशके इथला चहा मुख्यतः परदेशी जाण्यासाठीच पिकत राहिला. निर्यातीच्या चहावर १९०३ च्या कायद्याने उपकर बसवला गेला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार होऊ लागला. पुढे १९३० च्या दशकात जागतिक मंदीने परदेशी मागणी घटली, तेव्हा चहाच्या धंद्याने इथल्या गिऱ्हाइकाकडे मनापासून लक्ष वळवले. रेल्वे स्थानकांवर फलक लागले, फुकट कप वाटले गेले, चहा कसा करावा याची प्रात्यक्षिके झाली. चहा आपल्या रक्तातच आहे असे आपण कौतुकाने म्हणतो. तो रक्तात उतरवण्यासाठी कोणीतरी रीतसर अंदाजपत्रक मांडले होते, हे ध्यानात घेतले की कौतुक थोडे कमी होते, पण चहाची चव कमी होत नाही.

त्याच दशकाच्या सुरुवातीला आसामात विल्यम मॅककर्चर याने एक यंत्र तयार केले. दातेरी रुळांची जोडी वेगवेगळ्या गतीने फिरते आणि त्यांच्यामधून जाणारे पान चिरडले जाते, फाटते आणि वळले जाते; दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात त्या बारीक, कडक गोळ्या. आपण वाण्याकडून आणतो ती सीटीसी पूड ती हीच, आणि आज भारतात होणाऱ्या चहाचा फार मोठा भाग याच पद्धतीने तयार होतो. ही पूड लवकर उतरते, गडद रंग देते, दुधाला पुरून उरते आणि थोडक्या पुडीत जास्त कप निघतात. दार्जिलिंगच्या नाजूक पानाची तरफदारी करणारे जाणकार हिला नाक मुरडतात. मुरडोत बापडे. या यंत्राविना मराठी माणसाच्या घरात दिवसातून दोनदा चहा झाला असता की नाही, याबद्दल मला शंका आहे.

मात्र बाहेरून आलेली गोष्ट नुसती विकत घेतल्याने आपली होत नाही. तिच्यात आपण काहीतरी ढवळाढवळ केल्यावरच ती आपली होते, असे माझे चहाकडे पाहून झालेले मत आहे. आमच्या घरचा चहा गवती चहापासून सुरू होतो. गच्चीतल्या कुंडीतली दोन लांब पाती दुमडून त्यांचीच गाठ मारायची, म्हणजे ती गाळणीत अडकून बसत नाहीत, आणि ती गाठ थंड पाण्यातच टाकायची. आले किसायचे नाही, ठेचायचे, आणि ते पाण्याबरोबर भरपूर उकळू द्यायचे. आल्यात दूध फाडणारे एक द्रव्य असते आणि ते उकळीनेच निष्प्रभ होते, त्यामुळे घाईघाईने दुधात कच्चे आले टाकणाऱ्याच्या वाट्याला पातेल्यात तरंगणारे फुटके दूध येते. साखर पाण्यातच विरघळली पाहिजे. मग पूड. ती पडल्याबरोबर पाण्याच्या कडेने तपकिरी फेसाची बारीक झालर उमटते, मधला भाग क्षणभर स्थिर राहतो, आणि नंतर सगळे पाणी एकदम वर येते. त्या क्षणी गॅस बारीक करून झाकण ठेवायचे आणि पातेल्यापासून हलायचे नाही. दूध वेगळे तापवलेले असावे, असा माझ्या आईचा आग्रह असे, आणि मी तो पाळते. चोथा पाण्याने नीट धुऊन गुलाबाच्या कुंडीत जातो, कारण साखरेचा अंश राहिला की मुंग्या येतात.

यातले काहीच साहेबाच्या रीतीत बसत नाही. चहाच्या प्रचारकांनाही दुधाची आणि मसाल्याची ही सढळ रीत पसंत नव्हती, कारण पातेल्यात आले-वेलदोडा जितका जास्त, तितकी पूड कमी खपते. लोकांनी त्यांची पूड घेतली आणि त्यांचा सल्ला नम्रपणे बाजूला ठेवला. पुण्यात राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी कुटुंबांनी अमृततुल्याची दुकाने काढली, तिथे तर हा प्रकार कलेच्या पातळीला गेला: देवाच्या नावाची पाटी, झगझगीत घासलेले पितळी पातेले, खलबत्त्यात वेलदोडा आणि आले कुटल्याचा ठेका, आणि गाळणीऐवजी फडके. ते फडके पिळताना चहावाला शेवटचा थेंब ज्या गांभीर्याने उतरवतो, ते मी अजूनही उभी राहून बघते. प्यालाही तेवढासाच, दोन-तीन घोटांचा. त्याहून मोठा असता तर लोक तिथे बसले असते आणि दुकान चालले नसते.

बसायचे असेल तर इराण्याकडे जावे. यझद आणि केरमानकडून आलेल्या झरतुष्ट्री इराण्यांनी मुंबई-पुण्यात नाक्यानाक्यांवर हॉटेले काढली. धोबी तलावाजवळचे कयानी १९०४ चे आहे आणि डेक्कनवरचे गुडलक १९३५ चे. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बनमस्का, आणि एका चहावर वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावरच्या जाहिरातीपर्यंत वाचत बसण्याची मोकळीक. चहा आणि वाचन ही जोडी सार्वजनिक ठिकाणी जमली ती बहुधा तिथेच.

घरी ही जोडी जमवणे अवघड होते, आणि अडचण अगदी व्यावहारिक होती. माझी आजी बशीतून चहा पीत असे. कप कलता करून बशी काठोकाठ भरायची, दोन्ही हातांच्या बोटांवर ती तोलायची, एक फुंकर, आणि मग सबंध खोलीला ऐकू जाईल असा भुरका. दोन्ही हात बशीत गुंतल्यामुळे आजीला चहाच्या वेळी वाचता येत नसे, आणि तिला त्याचे काही वाटतही नसे. मी कपाने पिऊ लागले, एक हात मोकळा झाला, पण मराठी पुस्तकाची बांधणी एका हाताला दाद देणारी नसते. अंगठा मधोमध दाबून धरला नाही तर ते मिटते, आणि फार दाबले तर कण्यापाशी डिंक सुटून पाने मोकळी होतात. एका हातात कप, दुसऱ्या हातात मिटू पाहणारी कादंबरी आणि समोर खारी, अशा अवस्थेत माझी कितीतरी पुस्तके डागाळली आहेत. रीडर साखरेच्या डब्याला टेकून उभा राहतो, बोटाच्या एका स्पर्शाने पान उलटतो आणि खारीचे तुकडे पडले तर फुंकरीने उडून जातात. वासाची तक्रार करणाऱ्यांनी हा मुद्दा विचारात घेतल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

मुळात छापील पुस्तक तरी कुठे एवढे सोवळ्यातले होते? गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत १८३१ मध्ये शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले, त्या काळात छपाईच्या शाईत चरबी असते या समजुतीने छापील कागदाला न शिवणारे लोक होते, आणि धार्मिक ग्रंथांसाठी शाईत तूप वापरतो असे सांगून त्यांची शंका फेडावी लागे. हाताने लिहिलेली सुटी पाने म्हणजेच खरी पोथी, शिवलेली आणि यंत्रातून निघालेली ती नव्हे, असे त्यांना मनापासून वाटत असणार. त्यांच्या नातवंडांनी छापील पोथ्यांना हळदकुंकू वाहिले. पुढे १९०९ मध्ये मनोरंजन मासिकाने दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवण्याची पद्धत इतकी रुजली की अंकाविना दिवाळी होते याची आता कल्पनाही करवत नाही. वाचनालयांच्या दिवाळी अंक योजनेत एकदा पैसे भरायचे आणि मग संक्रांतीपर्यंत अंक बदलून आणत राहायचे, हे माझ्या लहानपणचे मोठे सुख होते. हवा तो अंक कोणीतरी आधीच नेलेला असे, आणि तो परत येईपर्यंत त्याच्याविषयी वाटणारी उत्सुकता अंकापेक्षा बरेचदा सरस ठरे.

ई-पुस्तकाचे वय लोकांना वाटते त्यापेक्षा जास्त आहे. ४ जुलै १९७१ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट या विद्यार्थ्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकात टंकून ठेवला आणि तिथून प्रोजेक्ट गटेनबर्ग हा मोफत ई-पुस्तकांचा उपक्रम सुरू झाला. त्याच्याकडे महागड्या संगणकाचा वेळ होता आणि त्या वेळात करण्यासारखे याहून चांगले काही त्याला सुचेना, हे मला फार आवडते. कितीतरी चांगल्या सवयी हाती पडलेल्या रिकाम्या वेळेतूनच लागतात. वाचनाचे खास यंत्र लोकप्रिय व्हायला २००७ सालचा किंडल यावा लागला, आणि त्यामागे इलेक्ट्रॉनिक शाईचा शोध होता. पडद्याच्या आत केसाच्या जाडीच्या आसपासच्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात, प्रत्येकीत विरुद्ध विद्युतभाराचे पांढरे आणि काळे कण असतात, आणि विजेच्या इशाऱ्याने त्यांतले एक वर येते, दुसरे तळाशी जाते. एकदा कण जागेवर बसले की त्यांना तिथे ठेवायला वीज लागत नाही; म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. नीट लक्ष दिले तर पान बदलताना मागच्या पानातली एखादी वेलांटी फिकट करड्या रंगात तशीच रेंगाळलेली दिसते, आणि मध्येच केव्हातरी यंत्र सगळा पडदा क्षणभर काळा करून ती पुसून टाकते. सुरुवातीला मला या काळ्या उघडझापीचा त्रास होई. आता ती झाली नाही तर चुकल्याचुकल्यासारखे वाटते.

मराठीचा प्रवास इतका सरळ झाला नाही, आणि त्याचे कारण तांत्रिक असले तरी वाचकाला माहीत असण्यासारखे आहे. आपल्याकडची पुस्तके वर्षानुवर्षे जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये जुळवली गेली. त्यांत दिसायला देवनागरी, पण संगणकाच्या लेखी ती निव्वळ रोमन अक्षरे आणि चिन्हे असत. फाँट काढून घेतला की पानभर अर्थहीन खिचडी उरे. छापखान्याला याने काही फरक पडत नव्हता, कारण कागदावर उमटले ते बरोबर होते. पण त्याच फायलीपासून ई-पुस्तक करायचे म्हटले की मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या सामायिक अक्षरसंकेतात, बदलणे आले, बदलताना काने-मात्रे सांडणे आले, आणि मग ओळीन् ओळ पुन्हा तपासणे आले. २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तके येऊ लागली. ई साहित्य प्रतिष्ठानसारखे उपक्रम त्याच्या आधीपासून मराठी पुस्तके पीडीएफच्या रूपात विनामूल्य वाचकांच्या हाती देत होते. अजूनही कित्येक पडद्यांवर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात, दोन गोल पाकळ्यांचा आपला ल भेटला की मला परगावी आपल्या गाडीचा क्रमांक दिसावा तसे बरे वाटते, आणि प्रकाशकांनी एवढी काळजी घ्यायला काही हरकत नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

पण माझे खरे व्यसन या नीटनेटक्या ई-पुस्तकांचे नाही. ते जुन्या पुस्तकांच्या छायाप्रतींचे आहे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर, पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजून ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, आणि त्यामुळे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले पुष्कळसे मराठी वाङ्मय आता मोकळे आहे. त्याच्या पानन् पान छायाचित्रित केलेल्या प्रती इंटरनेटवर मिळतात. या प्रती सहा इंची पडद्यावर मावत नाहीत, रीडर आडवा धरून अर्धे-अर्धे पान वाचावे लागते आणि अक्षर मोठे करता येत नाही. तरीही त्यांच्यात जे दिसते ते कुठल्याही नव्या आवृत्तीत नसते. मुखपृष्ठाच्या आत वाचनालयाचा जांभळा, कडा फुटलेला गोल शिक्का असतो. दाखल क्रमांक तीनदा खोडून पुन्हा लिहिलेला असतो. समासात बोरूसारख्या जाड टोकाच्या लेखणीने कोणीतरी "खरे आहे" असे लिहिलेले असते आणि त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात, दुसऱ्या शाईत, "मुळीच नाही" असे. एका प्रवासवर्णनाच्या पानावर तर मला कपाच्या बुडाचे पुरे वर्तुळ सापडले, पिवळट तपकिरी, एका बाजूला जरा जाड. कोणा वाचकाने पुस्तक कपाखाली बशी म्हणून वापरले होते. ग्रंथपालाने त्याला बोल लावले असतील की नाही, कोण जाणे. त्या डागाचे मात्र यथासांग छायाचित्र निघाले, ते सर्व्हरवर चढले आणि माझ्या साखरेच्या डब्याशेजारी उतरले.

रीडरचे सगळेच गुण गावेत असेही नाही. हातातल्या पुस्तकाची डावी बाजू जाड होत जाते आणि उजवी पातळ, त्या जाडीवरून आपण कुठवर आलो हे अंगठ्याला आपोआप कळत असते. पडद्यावर ते टक्क्यांत कळते आणि टक्के वाचणाऱ्याच्या मनात प्रगतिपुस्तकाची भावना जागी करतात. रहस्यकथा वाचताना मात्र हाच तोटा फायद्याचा होतो, कारण उरलेल्या पानांच्या जाडीवरून पकडलेला आरोपी खरा की खोटा हे ओळखण्याची सोय राहत नाही. दुसरी उणीव जास्त गंभीर आहे. ई-पुस्तक शेजारणीला देता येत नाही. तिने ते दोन वर्षे परत केले नाही म्हणून मनात कुढताही येत नाही, आणि एके दिवशी ते लाडवांच्या डब्याबरोबर परतही येत नाही. पुस्तकांच्या या देवघेवीवर आमच्या इमारतीतल्या निम्म्या ओळखी उभ्या होत्या. त्या जागी काय आले, असे विचारले तर माझ्याकडे चांगले उत्तर नाही.

उलट आईच्या बाबतीत या यंत्राने जे केले, त्याची परतफेड मला करता येणार नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यानंतरही तिला छापील टंक वाचणे जड जाई, आणि दुसऱ्याने वाचून दाखवलेले तिला आवडत नसे, कारण वाचणारा तिला आवडलेल्या ओळीवर थांबत नाही. मी रीडरवर अक्षर वाढवत नेले. एका पडद्यावर जेमतेम सात-आठ ओळी मावू लागल्या, तेव्हा तिने हात वर करून पुरे म्हटले. चहा शेजारी निवून जाईपर्यंत ती वाचत बसली, आणि ज्या बाईने जन्मभर निवलेल्या चहाला पाणी म्हटले, तिने तो तसाच थंड पिऊन टाकला. वासाचा प्रश्न तिने कधीच विचारला नाही.

एवढे सांगून झाल्यावर मी नव्याची नेहमी बाजू घेते असा समज होण्याची भीती आहे, आणि तो खोडून काढण्याचे काम माझी भाची आनंदाने करते. ती पुस्तके ऐकते. कानात यंत्र घालून, पर्वतीच्या पायऱ्या चढताना, भांडी लावताना, आणि तेही दीडपट वेगाने. तिचा चहा बिनदुधाचा, बिनसाखरेचा, काचेच्या भांड्यात मोठी पाने सोडून केलेला आणि घड्याळ लावून काढून घेतलेला असतो. ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे, हे मी तिला इतक्या वेळा आणि इतक्या ठासून सांगितले आहे की त्या सुरात मला कोणाचा तरी आवाज ओळखू येऊ लागला. तिने वाद घातला नाही. "मावशी, तुझ्या पणजीला वाचता येत नव्हतं, मग तिला सगळी पोथी पाठ कशी होती ग?" एवढेच विचारले आणि कानातले एक टोक माझ्या हातात दिले.

पुरुषाचा गंभीर आवाज होता, उच्चार स्वच्छ होते, पण वेग असा की वाक्य संपायच्या आत पुढचे सुरू. मी म्हटले, "आधी हा घोडा थांबव." तिने वेग कमी केला. च आणि ज यांचे उच्चार तो जागच्या जागी करतो आहे की नाही हे पाहण्यात माझी पहिली काही मिनिटे गेली. दोनदा तो चुकला आणि मला मनापासून समाधान वाटले. आता दर रविवारी एक प्रकरण दोघींनी मिळून ऐकायचे असे ठरले आहे. त्या वेळचा चहा मी करीन, गवती चहा आणि आले घालून, आणि तिने तो दुधासकट प्यायचा, अशी अट मी घातली. साखर निम्मी करण्याच्या बोलीवर तिने ती मान्य केली आहे, मात्र दुधाबद्दल तिची घासाघीस अजून चालू आहे.